नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) लॅपटॉप दुपारी मंदावतो, मग बंद पडतो: उघडण्याआधी काय काय तपासायचं

आधी लक्षणं, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे की दुसरा, ते कळेल.

सकाळी नऊला कामाला बसलात तेव्हा सगळं नीट असतं. साडेअकरा-बारा वाजले की टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटायला लागतात. सकाळी चार मिनिटांत झालेला बिल्ड (लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करणं) दुपारी दहा मिनिटं घेतो. पंखा एका सुरात ओरडत राहतो. कॉलवर स्क्रीन शेअर केली की तुमचा आवाज तुटतो. समोरचे म्हणतात नेट गेलं, पण त्याच वायफायवर फोन व्यवस्थित चालू असतो. कीबोर्डच्या वरची, बिजागराजवळची पट्टी इतकी तापते की बोट ठेववत नाही. आणि एक दिवस दुपारी तीन-साडेतीनला काहीही सूचना न येता स्क्रीन काळी होते. लगेच चालू केला तर पुन्हा दोन मिनिटांत बंद. अर्ध्या तासाने चालू केला तर जसं काही झालंच नव्हतं.

सगळ्यात पक्की खूण ही: रात्री दहानंतर आणि पावसाळा लागल्यावर हाच लॅपटॉप आपोआप बरा होतो. असं असेल तर दोष उष्णता बाहेर न पडण्याचा आहे.

मी नागपुरातच घरून कोड लिहितो आणि गेल्या सात-आठ उन्हाळ्यांत माझा, घरच्यांचा आणि टीममधल्यांचा मिळून हाच दोष इतक्यांदा काढलाय की एप्रिल संपता संपता फोन येणार हे ठरलेलं असतं. मानेवाड्याच्या मावसभावाचा परवा आलाच. "दादा, काही समजूनच नाही रायलं. बिल्ड लावला का बंद पडते. नवा घ्या लागते का आता?" नवा घ्यावा लागला नाही. दहापैकी सात-आठ वेळा लागतच नाही, आणि बऱ्याचदा स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. फुकटातलं आधी, उघडणं शेवटी.

हा दोष नाही, तो वेगळा

निळी स्क्रीन आणि त्यावर एरर कोड येत असेल तर तो कोड लिहून घ्या. बहुतेकदा ते ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्कचं प्रकरण असतं. उष्णतेने बंद पडणारा लॅपटॉप कोड दाखवायला थांबत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली की लोक तिलाच कारण समजतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शट डाउन न होता बंद झालं. का झालं हे ती सांगत नाही.

चार्जर काढल्यावर तीस-चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडत असेल तर बॅटरी थकली आहे. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' कमांडला 'बॅटरीरिपोर्ट' हा पर्याय देऊन चालवा. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात.

आणखी एक प्रकार मुख्यतः उन्हाळ्यात दिसतो आणि लोक तो याच खात्यात टाकतात. चार्जर लावला की कर्सर उड्या मारतो, टचपॅड ऐकत नाही, धातूच्या बॉडीला हात लावला तर बारीक झिणझिण्या येतात, आणि चार्जर काढला की सगळं शांत. हा अर्थिंगचा दोष. आपल्याकडे मे महिन्यात जमीन कोरडी ठक्क होते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग कमजोर पडतं. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची पद्धत होती, ती उगाच नव्हती. पाणी घालून फरक पडला नाही, किंवा झिणझिण्यांच्या जागी झटका बसला, तर लॅपटॉप बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

हे मुळात होतं कशामुळे

हे दोन मिनिटं समजून घ्या, पुढची प्रत्येक पायरी यावर उभी आहे. लॅपटॉपचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतली हवा फक्त फिरवतो. त्यामुळे लॅपटॉपमधून किती उष्णता बाहेर जाईल हे प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बऱ्याच प्रोसेसरची वरची हद्द १०० अंशांच्या आसपास असते. जानेवारीत खोली २५ अंशांवर असते, म्हणजे फरक ७५ अंशांचा. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची बिनकूलरची खोली ४० अंशांवर गेली की फरक उरतो ६०. तोच पंखा, त्याच वेगाने फिरून, आता एक-पंचमांश कमी उष्णता बाहेर टाकू शकतो. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन स्वतःला बंद करतं.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं असतं. नागपूरच्या तापमानाचा विक्रम ४७.९ अंशांचा आहे, २३ मे २०१३ चा. म्हणजे आपण दर उन्हाळ्यात ही यंत्रं त्यांच्या लिहिलेल्या मर्यादेबाहेर चालवतो. जानेवारीत जी धूळ खपून जाते ती मे महिन्यात खपत नाही, एवढाच सगळा फरक.

पहिलं काम: मोजा

अंदाजाने काही करू नका. विंडोजवर एचडब्ल्यू-इन्फो, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स टाका. तापमान दाखवणारे हे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत. तीन आकडे वहीत लिहा: काही न करता दहा मिनिटं ठेवल्यावरचं प्रोसेसरचं तापमान, नेहमीचा बिल्ड चालू असतानाचं तापमान, आणि त्या वेळी प्रोसेसर किती गिगाहर्ट्झवर आहे. चौथा आकडा खोलीच्या तापमानाचा. भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो, पण तो टेबलाच्या उंचीवर, लॅपटॉपपासून दोन हात लांब ठेवा.

बिल्डच्या वेळी तापमान ९५च्या पुढे आणि वेग एकदम खाली, म्हणजे दोष सापडला. तापमान ७० आणि तरी मशीन रखडतंय, तर उष्णतेच्या मागे लागू नका. रॅम भरली आहे का, डिस्क शंभर टक्क्यांवर आहे का ते बघा.

एकाच आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. मे २०२४ मध्ये आपल्याच शहरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. लॅपटॉपमधले सेन्सरही फसवतात. एक कोअर (प्रोसेसरचा एक भाग) ११० आणि बाकीचे सगळे ६० दाखवत असतील तर आधी रीस्टार्ट करून पुन्हा वाचा.

दुसरं: जागा

गादी, उशी, सोफा, मांडी हे सगळं बंद. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात आणि मागून किंवा बाजूने सोडतात. गादी खालची जाळी बंद करते. कठीण टेबल, आणि मागच्या बाजूला दोन बोटं उंची मिळेल असं काहीही, दोन सारखी पुस्तकंसुद्धा चालतील. माझ्या मोजणीत एवढ्यानेच चार-पाच अंश उतरलेले आहेत. लॅपटॉपचा मागचा भाग भिंतीला टेकवू नका, बाहेर टाकलेली गरम हवा तो परत आत ओढतो.

मग खोली. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळनंतरही खाली उष्णता सोडत राहतो. बाहेर ऊन उतरलं तरी मशीन बरं होत नाही ते यामुळे. गच्चीला चुन्याचा हात दिला असेल तर खोलीत फरक जाणवतो, हा खर्च लॅपटॉपपेक्षा घरातल्या माणसांसाठी करावा असा आहे. ते जमत नसेल तर उन्हाळ्यापुरतं टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा.

आता कूलर. नागपुरात कूलरशिवाय मे निघत नाही आणि कूलर लॅपटॉपलाही मदतच करतो, कारण कोरड्या हवेत तो खोली दहा-बारा अंशांनी खाली आणतो. पण लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. कूलरच्या बाजूच्या ताट्या फाटल्या असतील किंवा पंप जास्त पाणी टाकत असेल तर झोताबरोबर बारीक तुषार येतात. बोअरचं पाणी असेल तर ते वाळून पांढरे डाग पडतात. लॅपटॉपच्या आत हेच झालं तर बोर्डावर गंज चढतो. वाळ्याच्या नव्या ताट्यांमधून पहिल्या आठवड्यात बारीक काड्याही उडतात. टेबल झोताच्या बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसती दमट घुसमट होते.

बर्फाची पिशवी, ओलं फडकं, फ्रीज यांच्या नादी लागू नका. एका ओळखीच्यांनी लॅपटॉप वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला होता. बाहेर काढल्यावर खोलीतल्या हवेतली वाफ आत पाणी होऊन बसली आणि कीबोर्ड गेला.

तिसरं: चार्जर आणि पिशवी

मूळ चार्जर ६५ वॅटचा आणि आता लावलाय फोनचा टाइप-सी, असं झालं की बरेच लॅपटॉप आपणहून वेग उतरवतात. लक्षण उष्णतेसारखंच दिसतं, फक्त तापमान कमी असतं. चार्जरच्या पाठीवरचे वॅट वाचा. चार्जरची वीट जमिनीवर मोकळी ठेवा, गादीखाली नको.

मिहानहून किंवा आयटी पार्कहून भर दुपारी दुचाकीवर येणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप झोपला असं नाही. हल्लीच्या विंडोज लॅपटॉपमध्ये स्लीपमध्येही तो मधूनमधून जागा होतो, अपडेट शोधतो आणि बंद बॅगेत तापतो. निघताना हायबरनेट किंवा शट डाउन करा. घरी पोचल्यावर बॅगेतून काढून पंधरा-वीस मिनिटं पंख्याखाली ठेवा, मगच चार्जर लावा. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं तिचं आयुष्य खाण्यासारखं आहे. गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये तर लॅपटॉप कधीच सोडू नका.

चौथं: आत काय चालू आहे

इथे आपण डेव्हलपर लोकच दोषी असतो. टास्क मॅनेजर सीपीयूच्या क्रमाने लावा आणि काहीही काम न करता पाच मिनिटं बघत बसा.

विंडोजवर मला नेहमी सापडतात ते तीन. अँटिव्हायरस, जो नोड मॉड्यूल्समधली (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टला लागणाऱ्या तयार कोडच्या फोल्डरमधली) लाखभर फाइल्सची रास प्रत्येक इन्स्टॉलला नव्याने तपासतो. प्रोजेक्टचं फोल्डर त्यातून वगळा, पण फक्त तेवढंच फोल्डर. दुसरा, 'व्हीएममेम' नावाची प्रोसेस, म्हणजे डॉकर आणि डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय). मर्यादा घातली नसेल तर तो सगळे कोअर वापरायला मोकळा असतो. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रोसेसर आणि मेमरीची हद्द लिहा. तिसरा, कधीतरी चालू करून विसरलेला वॉचर, म्हणजे फाइल बदलली की बिल्ड आपोआप पुन्हा चालवणारा प्रोग्राम. टर्मिनलची टॅब बंद केली तरी मागे तो जिवंत राहतो.

मॅकवर 'कर्नल टास्क' खूप सीपीयू खाताना दिसला तर त्याला मारायला जाऊ नका. मशीन तापल्यावर दुसऱ्या प्रोसेसना आवर घालण्याची ती व्यवस्थाच आहे. तो परिणाम आहे, कारण नाही.

पाचवं: टर्बो उन्हाळ्यापुरता बंद

हा उपाय मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण पैसे लागत नाहीत आणि लगेच उलटवता येतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. एका टक्क्याने प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे थोड्या वेळासाठी नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळणं, बंद होतो. काही नव्या मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो, तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्वाएट' मोड निवडा. लिनक्सवर इंटेल पी-स्टेटमधलं 'नो टर्बो' १ करा, मॅकवर लो पॉवर मोड.

वेग कमी करून काम लवकर कसं होईल, असं लोक विचारतात. टर्बोमध्ये प्रोसेसर काही सेकंद जोरात पळतो, हद्दीला जाऊन आदळतो आणि मग कितीतरी वेळ अगदी खालच्या वेगाने रांगतो. टर्बो बंद असला की मधल्या वेगाने न थांबता चालत राहतो. माझा दुपारचा दहा मिनिटांचा बिल्ड यामुळे सहावर आला होता, साफसफाईच्या आधीच. जून उतरला की परत १०० करा.

सहावं: बाहेरून हवा

मॅकबुक एअर एम१ आणि त्यानंतरच्या एअरमध्ये पंखाच नाही. त्यांनी ही आणि पुढची पायरी सोडून द्या, त्यांच्यासाठी जागा आणि कामाचा भार एवढंच हातात आहे.

बाकीच्यांनी मशीन पूर्ण बंद करून, चार्जर काढून, मागच्या जाळीतून हवा मारावी. कूलर-पीसी साफ करायचा ब्लोअर घरी असेल तर एक हात लांबून, थोडा-थोडा. मात्र पंखा हवेने गरगर फिरू देऊ नका. जाळीतून दातकोरणीने पातं धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा त्याच्या मर्यादेबाहेर फिरला की बेअरिंग जातं, आणि उलट वीज तयार होऊन बोर्डात जाऊ शकते. घरातला व्हॅक्युम क्लीनर वापरू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

सातवं: उघडणं

वॉरंटी शिल्लक असेल तर इथेच थांबा आणि सर्व्हिस सेंटरला द्या.

मागच्या मे महिन्यात टीममधल्या एकीचा लॅपटॉप उघडला. त्रिमूर्तीनगरात वरच्या मजल्यावर घर, चार वर्षं जुनं मशीन. एका दुकानात तिला मदरबोर्ड बदलायला सांगितलं होतं. बाहेरून हवा मारून झाली होती, फरक नव्हता. खालचं कव्हर काढलं तर पंखा जवळजवळ स्वच्छ. तिला वाटलं, मग धूळ नाहीच. पण धूळ पंख्यापेक्षा त्याच्या पुढच्या जाळीवर जास्त साचते. पंख्याचे तीन स्क्रू काढून तो उचलला, तेव्हा त्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या जाळीवर एक राखाडी थर उभा होता. जाडी दोन रुपयांच्या नाण्याएवढी. चिमट्याने एक टोक धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, नमद्यासारखा. त्यात तिचे लांब केस, चादरीचा धागा आणि वाळ्याच्या दोन काड्या विणल्यासारख्या बसल्या होत्या. बाहेरून मारलेल्या हवेने तो सुटत नव्हता. त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. बिल्डच्या वेळचं तापमान ९८ वरून ८१ वर आलं, खोली तीच ३६ अंशांची.

तुम्ही करणार असाल तर एवढं पाळा. तुमच्या नेमक्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा. स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे लावून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि चुकीच्या जागी लांब स्क्रू बोर्डात घुसतो. कव्हर निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं. मगच पंखा.

थर्मल पेस्ट बदलायची का? जाळी साफ करूनही तापमान उतरलं नाही आणि मशीन तीन-चार वर्षांचं असेल तरच. पेस्ट वाळली की प्रोसेसर आणि तांब्याच्या नळीमध्ये हवेच्या फटी राहतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, तुरीच्या दाण्याएवढी नवी, आणि स्क्रू त्यांच्या शेजारी लिहिलेल्या क्रमाने. हे पहिल्यांदा करताना शेजारी आधी केलेला माणूस असावा असं मला मनापासून वाटतं.

इथे हात लावू नका, जाणकाराकडे द्या

टचपॅड वर आला आहे, झाकण नीट लागत नाही, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो: बॅटरी फुगली आहे. बंद करा, चार्ज करू नका, दाबू नका, टोचू तर अजिबात नका, आणि कचऱ्यातही टाकू नका. त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या. यात उद्यावर टाकण्यासारखं काही नाही, आणि उन्हात डिक्कीत घालून तर मुळीच नेऊ नका.

जळका वास, चार्जिंगच्या भोकाशी काळे डाग, आत पाणी किंवा चहा गेलेला: चालू करून बघण्याचा मोह टाळा. प्रोसेसरवर पेस्टऐवजी चंदेरी द्रवधातू असलेले काही गेमिंग लॅपटॉप येतात. तो विजेचा वाहक असतो, थेंबभर सांडला तरी बोर्ड जातो. एखादा स्क्रू घासला गेला तर जोर करू नका. पंख्यातून खरखर येत असेल तर साफसफाईने जाणार नाही, पंखाच बदलावा लागतो. आणि सगळं करूनही काही काम नसताना तापमान ९०च्या वर राहिलं, तर तांब्याच्या नळीत किंवा बोर्डात दोष आहे. तो घरी दिसतही नाही.

देण्याआधी कोड पुश करा आणि बाकीच्या फाइल्सचा बॅकअप घ्या. दुकानदाराला वहीतले आकडे दाखवा: इतकी खोली, इतकं तापमान, हे-हे करून झालं. "गरम होतो" एवढंच सांगितलं तर तो पेस्टपासून सुरुवात करेल आणि तुम्ही आधीच केलेल्या कामाचे पैसे लावेल. पार्ट बदलला तर जुना परत मागून घ्या, आणि तिथेच त्यांच्या समोर दहा मिनिटं बिल्ड चालवून तापमान वाचा. दुकानात एसी असेल तर घरी आल्यावर दुपारी तीनला पुन्हा एकदा.